ग्रामपंचायतीची नोटीस, नगरपंचायतीचा दंड आणि कोर्टाचं समन्स : कोणता कागद कुठं जातो?

तालुका प्रतिनिधी

आमच्या शेजारच्या गावातल्या एका आजोबांची गोष्ट आधी सांगतो. घरासमोर त्यांनी रस्त्याच्या बाजूला दगडी ओटा बांधला होता. ग्रामपंचायतीची नोटीस आली, ती त्यांनी गादीखाली ठेवली. पुढं एक दिवस कोर्टाचं समन्स आलं. तेही ग्रामपंचायतीचंच पत्र समजून गादीखाली गेलं. तीन तारखा चुकल्या. मग ऐन पेरणीच्या दिवशी हवालदार वॉरंट घेऊन दारात उभा राहिला. आजोबा तिफण सोडून तालुक्याला गेले, जातमुचलका लिहून दिला, वकिलाची फी दिली, रिक्षाचं भाडं दिलं. ज्या कलमाखाली हे सगळं झालं, त्या कलमात दंड जास्तीत जास्त किती? पन्नास रुपये.

असे कागद आता गावोगावी वाढलेत. अतिक्रमण, प्लास्टिक, विनापरवाना बांधकाम, बाजारात रेषेबाहेर बसणं, सांडपाणी रस्त्यावर सोडणं. कागद घेऊन लोक आमच्याकडं येतात आणि विचारतात, "भाऊ, हे भरून टाकू का?" भरायचं की लढायचं हे नंतर बघू. आधी कागद कुणाचा आहे, कोणत्या कायद्याखाली आहे आणि त्याचा निकाल देणारं कोर्ट कोणतं, हे कळलं पाहिजे. त्यासाठीच ही माहिती एका जागी दिली आहे. जपून ठेवा, नोटीस आली की काढून वाचा.

नोटीस देणारा वेगळा, दोषी ठरवणारा वेगळा

बऱ्याच जणांना वाटतं की ग्रामपंचायतीनं किंवा नगरपंचायतीनं दंड "ठोकला" म्हणजे विषय संपला. तसं नाही. मुख्याधिकारी किंवा ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) नोटीस देऊ शकतात, पंचनामा करू शकतात, काही बाबतीत जागेवर ठरलेली रक्कम घेऊन पावती देऊ शकतात. पण "तू गुन्हा केलास" असं ठरवण्याचा अधिकार त्यांना नाही. तो न्यायदंडाधिकाऱ्यांचा.

मोठ्या शहरांत यासाठी वेगळी सोय असते. पुण्यात महापालिकेच्या खटल्यांसाठी खास महापालिका न्यायालय आहे. आपल्या तालुक्याला तसलं वेगळं कोर्ट नसतं. आपल्याकडं "दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर तथा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी" अशी लांबलचक पाटी असलेलं जे कोर्ट आहे, तेच सगळं बघतं. सकाळी शेताच्या बांधाचा दावा, दुपारी मारामारीची केस आणि मधे कुठंतरी नगरपंचायतीचा खटला. त्यामुळं पन्नास रुपयांच्या केसलाही तारखा पडतात, हे मान्यच करावं लागेल.

दुसरा घोळ होतो तहसीलदारांच्या बाबतीत. तहसीलदारही दंडाधिकारीच, पण कार्यकारी दंडाधिकारी. १ एप्रिल १९७४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेनं न्यायदंडाधिकारी आणि कार्यकारी दंडाधिकारी वेगळे केले. गुन्ह्याचा खटला चालवून दंड करायचं काम न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, शांतता आणि उपद्रव वगैरे बाबतीत आदेश द्यायचं काम प्रांत आणि तहसीलदारांकडं. तहसीलदारांचं आणखी एक "कोर्ट" शेतकऱ्याला माहीत असतं. शेतात जायचा जुना रस्ता किंवा पाण्याचा पाट कुणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दावा तिथं करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत गेली की तहसीलदार हात वर करतात आणि मग दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागते. हा विषय नगरपंचायतीच्या दंडाचा नाही, पण एकाच आवारात दोन-तीन कोर्टं असल्यानं माणसं चुकीच्या दारात जाऊन बसतात, म्हणून सांगितलं.

ग्रामन्यायालय म्हणजे काय?

पूर्वी महाराष्ट्रात ग्रामपंचायत कायद्याखाली न्यायपंचायती होत्या. गावातले किरकोळ तंटे त्या बघायच्या. सत्तरच्या दशकात त्या बंद झाल्या. जुनी माणसं अजून "पंचांपुढं जाऊ" म्हणतात, पण कायद्यात आता तसं काही नाही. तंटामुक्ती समिती समेट घडवू शकते, निकाल देऊ शकत नाही.

त्याऐवजी संसदेनं २००८ साली ग्रामन्यायालय कायदा केला. तो २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. पंचायत समितीच्या पातळीवर एक न्यायाधिकारी बसवायचा, त्याचा दर्जा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा, आणि त्यानं गावात येऊनही कोर्ट भरवायचं, अशी ही कल्पना. दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेले गुन्हे त्याच्यापुढं चालतात, तेही संक्षिप्त पद्धतीनं. गायरानाचा वापर, पाटाच्या पाण्याची पाळी, विहिरीतून पाणी घेण्याचा हक्क असले दिवाणी तंटेही तिथं जातात, आणि दाव्याची रक्कम कितीही असली तरी कोर्ट फी शंभर रुपये. अपील तीस दिवसांत सत्र किंवा जिल्हा न्यायालयात, आणि त्या अपिलाचा निकाल सहा महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो. पण ग्रामन्यायालयानं हजार रुपयांपर्यंतच दंड केला असेल किंवा आरोपीनं गुन्हा कबूल केला असेल, तर फौजदारी अपील नाही.

कागदावर फार चांगली योजना. पण ते कोर्ट स्थापन करायचं की नाही हे राज्य सरकारवर सोडलंय, आणि महाराष्ट्रात काही मोजक्याच तालुक्यांत ती सुरू झाली. आपल्या तालुक्यात आहे का, हे तालुका न्यायालयाच्या कार्यालयात विचारलं की कळतं. नसेल तर केस नेहमीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडं.

ग्रामपंचायत हद्दीत

अतिक्रमणाची नोटीस बहुतेक वेळा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५३ खाली येते. गावातला रस्ता, गटार, मोकळी जागा यावर अडथळा केला तर हे कलम. दोषी ठरल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड, आणि पुढंही तसंच चालू ठेवलं तर रोजचे पाच रुपयांपर्यंत. रक्कम बघून हसू येतं, पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली गोष्ट, हा दंड "दोषी ठरल्यावर" आहे. म्हणजे ग्रामसभेत सरपंच "पाचशे रुपये दंड" म्हणाले तर त्याला कायद्याचा आधार काय, हे लेखी विचारा. गावानं आपसांत ठरवलेला दंड हा गावाचा ठराव झाला, कोर्टाचा दंड झाला नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दंड पन्नास रुपयांचा असला तरी अडथळा काढून टाकण्याचा अधिकार याच कलमात ग्रामपंचायतीला दिलाय. ग्रामपंचायत काही करत नसेल तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कुणाच्या अर्जावरून कारवाई करू शकतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडं अपील करता येतं. म्हणजे खरी लढाई पन्नास रुपयांची नसते, ओटा राहतो की जातो याची असते.

आणि तिसरं, जे निवडणुकीच्या वेळी बाहेर येतं. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायत सदस्य राहू शकत नाही, कलम १४ (१) (ज-३). सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली असंही सांगितलं की कुटुंबातल्या माणसानं अतिक्रमण केलं असेल आणि उमेदवार तिथंच राहत असेल, तरी हे कलम लागू होऊ शकतं. घरातलं कुणी उभं राहायच्या विचारात असेल तर अतिक्रमणाच्या केसमध्ये "जाऊ दे, कबूल करून टाक" असं म्हणण्याआधी दहा वेळा विचार करा. विरोधक तोच कागद शोधत असतात.

बचावासाठी सगळ्यात आधी लागते ती हद्द. नमुना ८ चा उतारा दाखवून लोक म्हणतात, जागा माझी आहे. नमुना ८ हा घरपट्टीसाठीचा कागद, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका झाली असेल तर ती काढा. नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि त्याची पोच कोर्टात लावा. ग्रामपंचायतीनं पंचनामा केला असेल तर त्याची नक्कल माहिती अधिकारात मिळते, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी कशावरून धरली हे बघा. अनेक पंचनामे "अंदाजे" या शब्दावर उभे असतात.

उघड्यावर शौचाला बसल्याबद्दलची कारवाई मात्र ग्रामपंचायत कायद्याखाली नसते, ती महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ११५ आणि ११७ खाली होते. गुड मॉर्निंग पथकाच्या दिवसांत बाराशे रुपयांचा आकडा सगळ्या गावांनी ऐकलाय.

नगरपंचायत, नगरपरिषद हद्दीत

तालुक्याचं गाव नगरपंचायत झालं की कायदा बदलतो. मग महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. आजूबाजूच्या खेड्यातून बाजाराला येणाऱ्याला याची कल्पना नसते. सीमेच्या अलीकडं चालणारी गोष्ट पलीकडं गुन्हा असू शकते.

प्लास्टिकचं उदाहरण घ्या. राज्य सरकारची २३ मार्च २०१८ ची प्लास्टिकबंदीची अधिसूचना आहे. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार, आणि तिसऱ्या वेळी पंचवीस हजार रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. पहिल्या दोन वेळा पथक जागेवर रक्कम घेऊन पावती देतं. कैद द्यायची असेल तर कोर्टातच जावं लागतं. पावतीवर कायद्याचं नाव, तारीख, पुस्तक क्रमांक, अधिकाऱ्याची सही आहे का हे बघा. साध्या कागदावर लिहून दिलेली "पावती" घेऊ नका.

आता बाजाराचं. हे मी स्वतःवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन आठवडी बाजारात बसलो होतो. जागा नव्हती म्हणून पांढऱ्या रेषेच्या बाहेर पोतं अंथरलं. पथक आलं, वजनकाटा उचलला, दोन पोती माल ट्रॅक्टरमध्ये टाकला आणि निघून गेले. यादी नाही, पावती नाही. दुसऱ्या दिवशी काटा मिळाला, मेथी मिळाली ती जनावरांना घालण्याच्या लायकीची. कायदा काय म्हणतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २०१४ चा पथविक्रेता कायदा नगरपंचायतीलाही लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणं माल उचलला तर त्याची यादी करून सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. जागेवरून हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. प्रमाणपत्राशिवाय बसल्याचा दंड जास्तीत जास्त दोन हजार रुपये. तक्रार ऐकायला जी समिती नेमायची, तिच्या अध्यक्षस्थानी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेला माणूस असावा असंही कायद्यात आहे. मेथी लावणाऱ्यानं एवढं एक कलम तोंडपाठ ठेवलं तरी पुरे.

सगळ्यात धोक्याचा कागद बांधकामाचा. वरवर तो अतिक्रमणाच्या नोटिशीसारखाच दिसतो. पण वर "महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६" असं लिहिलंय का बघा. तसं असेल आणि कलम ५२ चा उल्लेख असेल, तर विषय पन्नास रुपयांचा राहिला नाही. त्या कलमात कमीत कमी एक महिना आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दोन ते पाच हजार रुपये दंड, आणि बांधकाम तसंच ठेवलं तर रोजचे दोनशे रुपयांपर्यंत. हा कागद गादीखाली ठेवायचा नाही. त्याच दिवशी वकील गाठायचा.

पाडापाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी देशभरासाठी नियम घालून दिलेत. आधी नोंदणीकृत डाकेनं नोटीस, ती घरावर चिकटवायची, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह अंतिम आदेश, आणि त्यानंतरही पंधरा दिवस. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेलाईन, नदी किंवा तलाव यांवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही. नदीपात्रात टपरी टाकून हा निकाल दाखवला तर उपयोग नाही.

समन्स आलं, आता काय?

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी सांगतो.

फिर्यादीवरून केस दाखल करून घेण्याआधी आरोपीचं म्हणणं ऐकायची संधी द्यायची, अशी तरतूद कलम २२३ मध्ये नव्यानं आली. म्हणजे कधी कधी पहिला कागद समन्स नसतो, "म्हणणं मांडा" अशी नोटीस असते. हजर राहून "हद्दीची मोजणी झालेली नाही", "परवानगी होती, ही तिची प्रत" असं तिथंच सांगता येतं. ही संधी फुकट घालवू नका.

समन्सवर कोर्टाचा शिक्का, केस नंबर आणि तारीख असते. आता ते मोबाईलवरही येऊ शकतं, पण त्यावरही कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही पाहिजे. खरं की खोटं हे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या सरकारी ॲपवर नावानं, केस नंबरनं किंवा सोळा अक्षरी सीएनआर नंबरनं बघता येतं. ॲप फुकट आहे. पुढची तारीखही त्यातच कळते, तारीख विचारायला कुणाला पन्नास रुपये देऊ नका. उलट व्हॉट्सॲपवर "चलन भरा" म्हणून एपीके फाईल आली तर ती उघडू नका, खातं रिकामं होतं. गाडीच्या ई-चलनाचा रस्ता वेगळा आहे, त्याचा आणि नगरपंचायतीच्या दंडाचा संबंध नाही.

तारखेला गेलाच नाहीत तर आधी जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. किरकोळ केसमध्येही हे होतं, वरच्या आजोबांना विचारा. लग्न, आजारपण, पेरणी काहीही असो, त्या दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज दिला की बहुतेक वेळा काम भागतं.

अगदी किरकोळ गुन्ह्यासाठी आणखी एक सोय आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे आणि तोही पाच हजारांच्या आत, त्यात न्यायदंडाधिकारी कलम २२९ खाली खास समन्स काढू शकतात. त्यात रक्कम लिहिलेली असते. कबूल असेल तर कोर्टात न जाता डाकेनं किंवा माणसाबरोबर कबुली आणि रक्कम पाठवायची. पूर्वी ही मर्यादा हजार रुपयांची होती. सगळ्यांना असं समन्स येतंच असं नाही, पण आलं तर त्याचा अर्थ माहीत असावा.

केस जुनी असेल तर तारखा मोजा. फक्त दंडाच्या गुन्ह्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायला हवी, मूळ कायद्यात वेगळी मुदत नसेल तर. दोन वर्षांपूर्वी कचरा टाकल्याची केस आज आली तर वकिलाला हे दाखवा. अतिक्रमणाला मात्र हा मुद्दा चालत नाही. जोवर ते जागेवर आहे तोवर गुन्हा रोज चालूच धरतात.

"कबूल आहे" म्हणण्याआधी

कोर्टात नाव पुकारतात, गुन्हा वाचून दाखवतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? मागून कुणीतरी कुजबुजतं, "हो म्हण, दोनशे भर, मोकळा हो." लोकअदालतीच्या दिवशी तर रांग लागते. दिवसभराची मजुरी वाचते हे खरं. रस्त्यावर कचरा टाकला असेल आणि खरंच टाकला असेल, तर कबूल करून मोकळं होण्यात काही चूक नाही.

पण कबुली दिली की दोषी ठरल्याची नोंद होते. त्यानंतर "मी निर्दोष होतो" म्हणून अपील करता येत नाही, शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच म्हणता येतं. लढून हरलात तर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील आहे. त्यालाही अट आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी शंभर रुपयांपर्यंत, किंवा संक्षिप्त खटल्यात दोनशे रुपयांपर्यंतच दंड केला असेल, तर अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज. जिथं जागेचा, हद्दीचा किंवा घराचा प्रश्न आहे तिथं दोनशे रुपयांत सुटका झाली असं वाटतं, आणि पुढच्या महिन्यात तीच कबुली दाखवून जेसीबी येतो. माझं स्पष्ट मत आहे, जागेच्या केसमध्ये वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नये.

दंड झाला आणि खिशात पैसे नाहीत, तरी लगेच घाबरायचं कारण नाही. दंड न भरल्यास कैद असा आदेश असेल, तर कोर्ट तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते देऊ शकतं. मागावं लागतं. न मागता कुणी देत नाही.

थकबाकी हा गुन्हा नाही

घरपट्टी, पाणीपट्टी थकली म्हणून नोटीस येते आणि लोक "केस झाली" म्हणून घाबरतात. थकबाकी ही वसुली आहे. बिल, मागणीची नोटीस, मग जप्तीचं वॉरंट असा तिचा रस्ता. हे वॉरंट पकडून नेण्याचं नसतं, वस्तू जप्त करण्याचं असतं. नगरपरिषद हद्दीत थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. सावकारही इतकं सरळ घेत नाही, असं आमच्याकडं गमतीनं म्हणतात.

राष्ट्रीय लोकअदालतीत ही प्रकरणं केस दाखल होण्याआधीच ठेवली जातात. तिथं कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी रक्कम आणि हप्ते वाचून घ्या.

वकील परवडत नाही तर

तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. घर बाईच्या नावावर असेल आणि नोटीस तिच्या नावानं आली असेल तर अर्ज तिनंच करावा, उत्पन्नाचा दाखला काढायची दगदग वाचते. फोन नंबर १५१००, टोल फ्री आहे.

आणि नगरपंचायतच नियम मोडत असेल तर?

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. माझं गटार रस्त्यावर आलं तर मला नोटीस, मग नगरपंचायतीचं गटार माझ्या दारात तुंबलं तर?

याचं उत्तर मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी मिळवून ठेवलंय. तिथं एका रस्त्यावर उघडी गटारं, घाण, डास, आणि नगरपालिका काहीच करत नव्हती. लोक दंडाधिकाऱ्यांकडं गेले. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याच्या कलमाखाली, तेव्हाच्या कलम १३३ खाली, दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेलाच काम करायचा आदेश दिला. नगरपालिका पैसे नाहीत म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं निकाल दिला की पैसे नाहीत हे कारण चालणार नाही, लोकांना घाणीत ठेवता येत नाही.

तेच कलम आता नव्या संहितेत १५२ आहे. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडं करायचा. साध्या कागदावर चालतो. गटाराचे तारखेसह फोटो, नगरपंचायतीला आधी दिलेल्या तक्रारींच्या पोच, आणि जमलं तर आठ-दहा शेजाऱ्यांच्या सह्या जोडा. एकट्याचा त्रास असेल तर "सार्वजनिक" उपद्रव नाही म्हणून अर्ज निकाली काढतात, त्यामुळं सह्या महत्त्वाच्या. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका, शिक्का नसेल तर तो अर्ज आलाच नव्हता असं सांगायला कुणाला वेळ लागत नाही.